भिंतीवरचा गुणाजी

गुणाजी परब मेला, हे त्याच्या बायकोला टीव्हीवरून कळलं. तेही बातम्यांत नाही, मालिकेत.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर सुगंधा परब खानावळ चालवायची. साकीनाक्याच्या कारखान्यांतली माणसं दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत, आणि भात कमी पडला असं म्हणायची एकाचीही छाती नव्हती. त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना लवकर वाढून लवकर उठवलं. आतल्या खोलीत महालक्ष्मीचा घट मांडला होता, शेजारच्या सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या होत्या आणि एकही उठायचं नाव घेत नव्हती. त्यांचा डोळा घटावर नव्हताच. घटाशेजारी लाकडी शटरचा टीव्ही होता, त्यावर नवी मालिका सुरू व्हायची होती.

"मावशी, ही बघच," असं बाळा बजावून गेला होता. बाळा म्हणजे सुगंधाच्या बहिणीचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गावाहून आला आणि मढला, शूटिंगला देतात त्या बंगल्यांवर, सेट उभारायच्या कामाला लागला. "गिरणीवाल्यांची गोष्ट आहे. पिक्चरसारखी खोटी नाही. एकदम खरी."

"खरं बघायला टीव्ही कशाला?" सुगंधा म्हणाली होती. "दार उघडलं की दिसतं."

पण मनातून तिला भारी उत्सुकता. या मालिका आल्यापासून त्या खोक्याची चालच बदलली होती. आधी त्यावर खतं आणि कुक्कुटपालन चालायचं, रविवारी एक पिक्चर, की संपलं. आता आपल्यासारखी माणसं दिसायला लागली होती. कांदा चिरायची, मध्येच गप्प बसायची. पिक्चरमधला माणूस चिडला की भांडी फेकतो. मालिकेतला चिडला की उठून माठातलं पाणी पितो. सुगंधाला हे पटायचं. तिनं आयुष्यात चिडून पाणी प्यालेली माणसंच जास्त पाहिली होती.

तर मालिका सुरू झाली. चाळीतली खोली. पांढऱ्या साडीतली एक बाई केर काढतेय. काढता काढता थांबली, वर बघायला लागली. तिच्या नजरेबरोबर चित्र भिंतीवर चढत गेलं. आधी उदबत्तीचा धूर, मग झेंडूचा हार, आणि हारामध्ये काळा कोट, काळी टोपी घातलेला गुणाजी परब. डावा डोळा जरासा बारीक, सरळ सुगंधाकडे बघणारा.

"अगो बाई," सून सुलक्षणा ओरडली, "आई, हे तर आपले बाबा!"

मग खोलीत कुणी टीव्ही बघितला नाही. सगळ्या सुगंधाच्या कपाळाकडे बघत होत्या. भाग संपायच्या आत एकीला सकाळी लवकर उठायचं आठवलं, दुसरीला दूध तापवायचं. समोरच्या खोलीतली विमला कदम तर उठली ती थेट चपलेत पाय घालून. सुगंधा कुंकवाचा करंडा घेऊन दारापर्यंत गेली.

"विमले, कुंकू राहिलं तुझं."

"असू दे गं," विमला म्हणाली. "लावलंय मी घरून."

सुगंधा करंडा हातात घेऊन तिथंच उभी राहिली. जन्मात कुणी तिच्या हातचं नाकारलं नव्हतं, ना भात, ना कुंकू.

आता हा घोटाळा झाला कसा, ते सांगायला हवं. परळला एक फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत एकच काळा कोट होता. कोकणातून येऊन गिरणीत चिकटलेला माणूस पहिल्या पगाराला तिथं जायचा, तो कोट आणि ती टोपी चढवायचा आणि फोटो काढून गावी पाठवायचा, की बघा, मी साहेब झालो. सुगंधाच्या सासऱ्यानं असा फोटो काढला. वीस वर्षांनी गुणाजीनं काढला. बापलेक तोंडावळ्यानं सारखे, कोट तोच, मागे रंगवलेला जिनाही तोच. बाळा "सेटवर भिंतीला जुना फोटो हवाय, गेलेल्या माणसाचा" म्हणत आला, तेव्हा सुगंधानं माळ्यावर हात घालून सासऱ्याची फ्रेम काढून दिली. निदान तिला तसं वाटलं. बाळानं गुणाजीला पाहिलं होतं ते लहानपणी, उघड्या अंगानं माडाखाली बसलेला. कोटातला कुठून ओळखणार?

पण मग जिवंत माणसाची फ्रेम माळ्यावर काय करत होती? चाळीचा खरा प्रश्न तोच होता. गिरण्यांचा संप झाल्यावर गुणाजी गावी गेला तो गेला. "शेती बघतात," सुगंधा सांगायची आणि लोक मान डोलवायचे. आता त्याच लोकांनी नवी गोष्ट रचली. गुणाजी कधीच गावी वारला आणि सुगंधेनं कुंकवासाठी लपवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नळावर हे दोघींतिघींच्या तोंडी होतं. सुगंधा आली की घागरी एकदम भरायच्या.

"वाईट वाटून घेऊ नका, आई," सुलक्षणा म्हणाली. "मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"त्यांचं वाढेल. माझं कमी होतंय त्याचं काय?"

त्याच दुपारी जेवणं सुनेच्या अंगावर टाकून तिनं बाळाला पुढं घातलं. बसनं अंधेरी, तिथून वर्सोवा, तिथून होडीनं मढ. वाटभर बाळा "मावशी, चूक झाली" म्हणत होता आणि मावशी "गप बस, बोलायचं ते मी बोलेन" म्हणत होती.

बंगला समुद्राच्या तोंडाशी होता, बाहेर बोगनवेल आणि आत चाळीतली खोली. सुगंधा उंबऱ्यातच थबकली. खोलीला भिंती तीनच. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा, दिवे आणि चहा पिणारी माणसं. पण त्या तीन भिंती! फडताळावर घासून पातळ झालेली पितळी भांडी, दाराच्या चौकटीला चुन्याची बोटं, आणि कोपऱ्यात ओल. तिनं ओलीवर हात ठेवला. कोरडी. रंगवलेली होती.

"शाब्बास," ती म्हणाली. "आम्ही ओल झाकायला चुना फासतो. हे लोक पगार देऊन ओल रंगवून घेतात."

मागून कुणीतरी हसलं. खादीचा कुर्ता, केसांत पेन्सिल खोचलेली, पस्तिशीची बाई. हीच मृणालिनी. मालिका लिहायचीही तीच आणि शूटिंग करवून घ्यायचीही तीच. बाळानं चाचरत सगळं सांगितलं. मृणालिनीचं हसू मावळलं.

"फार मोठी चूक झाली, सुगंधाताई. मी माफी मागते."

"माफी राहू दे. फोटो काढ."

"पहिले चार भाग दिल्लीला गेलेत. त्यात तो आहे. ते आता माझ्या हातात नाही."

"दिल्लीला कशाला?"

"तिथूनच दाखवतात ना. साऱ्या देशात एकाच वेळी. आता तर तालुक्या-तालुक्याला टॉवर उभे राहिलेत."

"म्हणजे आमच्या सावंतवाडीकडं पण?"

"टॉवरच्या टप्प्यात टीव्ही असेल तिथे सगळीकडे."

सुगंधानं हे मनात ठेवलं. मग म्हणाली, "चार राहू दे. पाचव्यापासून तरी हार काढ. जिवंत माणूस आहे तो."

"हार काढला तर गोष्टीतला माणूस जिवंत होईल."

"होऊ दे की. तुझ्या बापाचं काय जातं?"

बाळानं डोळे मिटून घेतले. पण मृणालिनी रागावली नाही. ती पुढं सरकून बसली.

"तसं नाही. जिवंत असेल तर कुठे आहे तो?"

"गावी."

"मग येत का नाही? मुलगी लग्नाची झालीय, पोरगा कामधंदा शोधतोय. चार भाग झाले, माणूस फिरकत नाही. लोक विचारतील मला."

"कुणाचा पोरगा?"

"माझ्या गोष्टीतला."

बाई गोष्टीबद्दल विचारत होती की आपल्याबद्दल, हे सुगंधाला कळेना. चार वर्षांत चाळीनं मान डोलवली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि ही कोण कुठली बाई विचारत होती ते चहाटळपणे नव्हे. कुलपाला किल्ली कुठली लागते ते बघावं तशी. सुगंधानं बाजूचा तांब्या उचलला, पाणी प्यायला. तांब्या रिकामा होता. सेटवरचा.

मृणालिनीनं केसातली पेन्सिल काढली.

"असं केलं तर?" ती हळू म्हणाली. "तो मेलाच नव्हता. सोडून गेला. मुलांना लाज वाटू नये म्हणून हिनंच मेला म्हणून सांगितलं, हिनंच पांढरं लुगडं नेसलं. पाचव्या भागात ती मुलांसमोर उठते आणि स्वतःच्या हातानं हार काढते." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पण चेहरा तुमच्या माणसाचा आहे. नको म्हणालात तर उद्यापासून दुसरा फोटो लावते. फारसं कुणाच्या लक्षात येणार नाही."

सुगंधानं हिशेब केला. फोटो बदलला तर विमला कदम म्हणणार, बघा, जाऊन झाकून आली. आणि हार निघाला तर गुणाजी सगळ्या देशादेखत जिवंत.

"काढ हार," ती म्हणाली.

परतीच्या होडीत वर्सोवा अर्ध्यावर आलं, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मेलेला जिवंत झाला खरा, पण पळपुटा होऊन. आणि ती? मरण लपवणारीची झाली टाकलेली.

"बाळ्या," ती म्हणाली, "होडी वळवता येते का रे?"

"का गं मावशी?"

"काही नाही. बघ समोर."

मग आली मधल्या गुरुवारांची तऱ्हा. सवाष्णी हळदीकुंकवाला येईनात, मालिकेला मात्र येत. टीव्ही त्या गल्लीत तिच्याकडेच होता ना! कुंकू वाटून झालं असेल अशा बेतानं यायच्या, भिंतीकडच्या बाजूला बसायच्या आणि गुणाजी दिसला की पदर तोंडावर घ्यायच्या. एकटी द्रौपदी सरवदे पहिल्यासारखी यायची. ती शेजारच्या गल्लीतली, महापालिकेच्या दवाखान्यात आया. ते बौद्ध, त्यामुळे घटाला आणि कुंकवाला ती कधीच येत नसे. मालिकेला मात्र पहिली हजर, पुढची जागा धरून.

"माझं बरं आहे," ती म्हणायची. "तुझ्या करंड्याशी माझं देणंघेणं नाही. मी आपली माणूस बघायला येते."

मार्गशीर्ष सरता सरता गावाहून काशीराम आला, गुणाजीचा शेजारी. दरवर्षीप्रमाणे कोकमं घेऊन. सुगंधानं त्याला पाट दिला, ताट दिलं आणि तो दुसरा घास तोंडात घालायच्या आत विचारलं, "गावात टीव्ही लागतो काय रे?"

"लागतो म्हणजे! मास्तरांकडे आणलाय. ॲन्टेना माडावर बांधलाय. सगळी वाडी बसते."

"आणि हे?"

काशीराम गालात हसला. "गुणाजी ना? पयल्या दिवशी तोच पुढ्यात. हार बघून बायकांनी रडायलाच सुरुवात केली, आणि हा जिवंत मधोमध बसलेला!"

"काही बोलले?"

"बोलला. 'फोटो तिनंच दिला काय?' असं विचारलंन."

"आणि?"

"आणि काय? घरी जाऊन जेवला."

त्या चार शब्दांवर सुगंधा आठवडाभर घुटमळत राहिली. तिनंच दिला काय. रागानं विचारलं असेल की गंमतीनं? की आपला फोटो तिनं अजून ठेवलाय याचं नवल वाटलं? मृणालिनीनं लिहिलं असतं तर बाजूला लिहून ठेवलं असतं, कसं म्हणायचं ते. आयुष्यात कुणी असं बाजूला लिहून ठेवत नाही, ही मोठी अडचण.

काशीरामाची बातमी चाळीत पसरली, पण विमला कदमला ती पटली नाही. "त्याच गावचा माणूस," ती म्हणाली, "तिचंच मीठ खाऊन तिच्याविरुद्ध बोलणार आहे थोडाच?"

आणि पाचवा भाग आला. संक्रांत नुकतीच झाली होती. खोली भरली, बाहेर ओट्यावरही माणसं उभी राहिली. खानावळीची मंडळीसुद्धा जेवून रेंगाळली, आणि सुगंधा त्यांना "चला, निघा" म्हणाली नाही.

मालिकेतला मुलगा बापाच्या फोटोपुढं उभा राहून म्हणाला, की आप्पा असते तर आज असे दिवस नसते. आई चुलीपाशी होती. बराच वेळ काही झालंच नाही. नुसता तव्याचा आवाज. मग ती उठली, स्टुलावर चढली आणि हार काढला. झेंडू जमिनीवर सांडले. "मरे नहीं हैं," ती म्हणाली. "छोड़के गए हैं." आणि तोंडात पदर कोंबून अशी रडली, की ओट्यावरच्या माणसांनीही नाकं ओढली.

विमला कदमचं तर धरणच फुटलं. ती सरकत सरकत सुगंधापाशी आली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "सुगंधे, एकदा बोलली असतीस तर! आम्ही काय परक्या होतो? सोडून गेला म्हणून तुझा काय दोष? मी आपली भलतंच बोलत बसले. माफ कर हो."

सगळ्या खोलीनं हळहळून मान हलवली. आता करंडा पुढं केला असता तर एकीनंही नाही म्हटलं नसतं. एवढे दिवस तिला हवं होतं ते हेच. गप्प बसलं, डोळ्याला पदर लावला की झालं.

सुगंधानं विमलाचा हात गुडघ्यावरून उचलला आणि तिच्याच मांडीवर नेऊन ठेवला.

"ती रडतेय कशाला?" तिनं विचारलं.

"कोण?"

"ती, टीव्हीतली. सुलक्षणे, आवाज बंद कर त्याचा."

"अहो आई, अजून संपलं नाही..."

"बंद कर म्हणते ना."

आवाज गेला. चित्रातली बाई मुकी रडत राहिली.

"मला कुणी सोडून गेलेलं नाही," सुगंधा म्हणाली. "ते गेले, मी गेले नाही. यात सोडलं कुणी कुणाला?"

कुणाला काही उमजेना. द्रौपदीनं मात्र मांडी बदलली, सुपारी गालात सारली.

"त्या मढच्या बाईला हे सांगितलं नाहीस?"

"तिनं विचारलं, तो का येत नाही. तुमच्याही सगळ्यांच्या मनात तेच. तू का गेली नाहीस, हे मला आजवर एकानं विचारलेलं नाही."

"मग मी विचारते," द्रौपदी म्हणाली. "का गं नाही गेलीस?"

सुगंधानं सुनेकडे बघितलं, ओट्यावरच्या माणसांकडे बघितलं. त्यातली दोघं-तिघं संपाच्या दिवसांपासून तिच्याकडे जेवणारी होती.

"गिरणी बंद पडली ती यांची," ती म्हणाली. "माझी चूल कुठं बंद पडली होती? उलट तेव्हाच माणसं वाढली. हे त्या भिंतीला टेकून बसायचे. पंगत जेवायची, हे बघायचे. सगळे उठून गेल्याशिवाय ताटाला हात लावायचे नाहीत. मी म्हणायची, बसा ना पंगतीत. तर म्हणायचे, पंगतीतले पैसे देऊन जेवतात."

"अरेरे," विमला म्हणाली.

"अरेरे काय त्यात? ऐक. एक दिवस म्हणाले, चल गावी. मी म्हटलं, गावी काय आहे? म्हणाले, घर आहे. म्हटलं, घर तुमच्या भावाचं, चूल तुमच्या भावजयीची. तिथं मी फुंकणी होऊन बसू? इथं माणसं माझ्या हाताची वाट बघतात. म्हणाले, ती काय तुझी माणसं आहेत? म्हटलं, जेवताना आहेत."

ओट्यावर कुणीतरी खाकरलं.

"मग?" द्रौपदी म्हणाली.

"मग म्हणाले, तू येत नसशील तर मी एकटा जातो. म्हटलं, जा. पण जेवून जा."

"रागानं म्हणालीस?"

हे सुगंधालाही ठाऊक नव्हतं. ती खरोखरच आठवून बघायला लागली. भाताचं आधण चढवलेलं होतं. बांगडे साफ करून ठेवलेले होते. तिचा हात पिठात होता, एवढं नक्की.

"पीठ मळत होते," ती म्हणाली. "रागात असते तर पोळी कडक झाली असती. झाली नव्हती."

"आणि तो जेवला?"

"जेवले. त्या दिवशी पहिल्यांदा पंगतीच्या आधी जेवले. दोनदा भात घेतला. मी वाढला."

विमलाला राहवेना. तिचे डोळे अजून ओले होते, पण मान मात्र पुढं आली होती, टीव्हीपुढं यायची तशी.

"मग गं? पुढं काय झालं?"

"पुढं काय व्हायचंय?" सुगंधा म्हणाली. "ते पिशवी घेऊन उतरले आणि माणसं जेवायला आली. त्यांना वाढलं."